ध्रुवसागराचा प्रवासी : फ्रिट्यॉफ नान्सेन

हल्ली उन्हाळ्याच्या दिवसांत बर्फ फोडणारी मोठी जहाजे हौशी प्रवाशांना घेऊन उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन येतात. उबदार खोल्या असतात, वेळच्या वेळी जेवण असते आणि सारा प्रवास साधारण दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. याच समुद्रातून १८९३ ते १८९६ अशी तीन वर्षे एक लाकडी जहाज गेले. ते बर्फ फोडत गेले नाही. मुद्दाम बर्फात अडकून, बर्फ नेईल तिकडे गेले. ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या नान्सेन यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेत, ख्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लो शहराजवळ झाला. वडील वकील होते. आईला स्कीइंगचा, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा नाद होता आणि तो मुलातही उतरला. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र घेतले. १८८२ साली सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावर निरीक्षणासाठी जाण्याची संधी मिळाली. ग्रीनलंडजवळ ते जहाज बर्फात अडकून पडले. तेव्हा बर्फावर वाहून आलेली लाकडे त्यांना दिसली. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर तर असे वृक्ष वाढत नाहीत. मग हे लाकूड आले कुठून? हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही.

१८८८ साली पाच सोबत्यांसह त्यांनी स्कीवरून ग्रीनलंड आडवे ओलांडले. पूर्वीचे प्रवासी पश्चिमेच्या वस्तीकडून निघत आणि संकट आले की मागे फिरत. नान्सेन निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरले. मागे काहीच नव्हते, त्यामुळे पुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पश्चिम किनाऱ्याला पोचले तेव्हा वर्षातले शेवटचे जहाज हुकले होते. तो हिवाळा त्यांनी तिथल्या इनुइट लोकांत काढला आणि कातड्याची कायाक होडी चालवणे, शिकार करणे या गोष्टी शिकून घेतल्या. ही शिदोरी पुढे प्राण वाचवणार होती.

दरम्यान एक चमत्कारिक बातमी आली होती. जीनेट नावाचे अमेरिकन जहाज जून १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले होते. तीन वर्षांनी त्यावरच्या वस्तू ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्याशी बर्फावर सापडल्या. त्यांत एका खलाशाचे नाव असलेली मेणकापडी विजारही होती. नान्सेन यांनी लाकूड आणि विजार यांचा मेळ घातला. सैबेरियाकडून ध्रुवाजवळून ग्रीनलंडकडे प्रवाह वाहत असला पाहिजे. विजार जाते, तर जहाज का जाणार नाही?

१८९२ साली लंडनच्या भूगोल संस्थेत त्यांनी ही योजना मांडली, तेव्हा अनेक अनुभवी दर्यावर्दींनी ती मोडीत काढली. बर्फाचा दाब जहाजाचा चुरा करील, हे त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. नान्सेन यांचे उत्तर जहाजाच्या आकारात होते. कॉलिन आर्चर या कारागिराने त्यांच्यासाठी 'फ्राम' जहाज बांधले. फ्राम म्हणजे पुढे. त्याचा तळ नारळाच्या करवंटीसारखा गोल ठेवला होता. बाजूंनी बर्फाने आवळले की जहाज चिमटीतल्या चिंचोक्यासारखे निसटून वर उचलले जावे, ही युक्ती. अशा बुडाचे जहाज मोकळ्या समुद्रात मात्र भयंकर डुलते आणि खुद्द नान्सेन यांनाही समुद्र लागला!

२४ जून १८९३ रोजी तेरा माणसांची ही मोहीम निघाली. सप्टेंबरअखेर सैबेरियाच्या उत्तरेस फ्राम बर्फात रुतले. दाब आला, लाकूड कण्हले आणि जहाज खरोखरच वर उचलले गेले. इथवर सगळे हिशेबाप्रमाणे झाले. पण पुढे काय करायचे? काहीच नाही, वाट पाहायची. नोव्हेंबरात मोजमाप घेतले तर जहाज निघाल्या जागेपेक्षा दक्षिणेला गेलेले. दोन पावले पुढे, एक मागे असा प्रकार. दिव्यांसाठी पवनचक्कीवर वीज होती, शेकडो पुस्तके होती, अन्न भरपूर होते. माणसे चक्क लठ्ठ झाली. समुद्र उथळ असेल या समजुतीने नेलेली खोली मोजण्याची दोरी तळाला पोचेना, तेव्हा पोलादी दोर उसवून नवी लांब दोरी वळली. हा समुद्र तीन हजार मीटरहून खोल आहे हे असे कळले.

हा बेकारीचा काळ नान्सेन यांना सोसवेना. ज्याने जगाला धीर धरायला सांगितले, त्याचाच धीर सुटत चालला, हे आम्हाला या कथेतले सर्वांत माणसासारखे वाटते. वाहत वाहत जहाज ध्रुवावर पोचणार नाही हेही दिसू लागले होते. १४ मार्च १८९५ रोजी जहाज ओटो स्वेर्ड्रूप यांच्या हवाली करून ते यालमार योहान्सेन या एकाच सोबत्यासह पायी ध्रुवाकडे निघाले. बरोबर २८ कुत्री, तीन घसरगाड्या आणि दोन कायाक. ध्रुव सुमारे ६६० किलोमीटर दूर होता. परतून फ्रामवर येण्याची सोय नव्हती, कारण जहाज तोवर कुठे असेल हे कोणी सांगू शकत नव्हते.

बर्फाचे उंच बांध ओलांडत दिवसभर उत्तरेकडे चालावे, तर पायांखालचे बर्फ दक्षिणेला सरकलेले असे. ८ एप्रिलला ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशावरून त्यांनी पाठ फिरवली. तोवर इतक्या उत्तरेला कोणी गेले नव्हते. पुढे एकदा दमून घड्याळांना किल्ली द्यायची राहिली आणि दोन्ही बंद पडली. नेमकी वेळ कळल्याखेरीज रेखांश काढता येत नाही, म्हणजे आपण कुठे आहोत हेच कळेना. अन्नासाठी एकेक कुत्रे मारून उरलेल्यांना घालावे लागले. शेवटची दोनही मारली, तो भाग वाचताना आमचे मन कासावीस होते.

ऑगस्टमध्ये फ्रान्झ जोसेफ द्वीपसमूहाची जमीन लागली. दगडांच्या भिंती आणि वॉलरसच्या कातड्याचे छप्पर अशा खोपटात दोघांनी हिवाळा काढला. अस्वलाचे मांस, चरबीचा दिवा, पांघरायला एकच पिशवी. असे असूनही दोघे एकमेकांना अहो-जाहो करीत असत! वर्षअखेरच्या रात्री नान्सेन यांनी आपण होऊन अरे-तुरे सुरू करण्याचे सुचवले. उन्हाळ्यात पुन्हा निघाल्यावर एकदा सारे सामान असलेल्या कायाक बांध सुटून वाहू लागल्या. नान्सेन यांनी गोठत्या पाण्यात उडी घेऊन त्या आणल्या. १७ जून १८९६ रोजी फ्रेडरिक जॅक्सन हे इंग्रज प्रवासी अकस्मात भेटले आणि त्यांच्या जहाजाने दोघे १३ ऑगस्टला नॉर्वेला पोचले. आश्चर्य असे, की नेमक्या त्याच दिवशी फ्राम बर्फातून मोकळे झाले. तेराही माणसे जिवंत परतली. आणि मागे राहिलेले फ्राम वाहत वाहत जवळजवळ ८६ अंशांपर्यंत जाऊन आले होते. पायी गेलेल्यांपेक्षा ते फार मागे नव्हते.

पुढे नॉर्वे १९०५ साली स्वीडनपासून वेगळा झाल्यावर नान्सेन लंडनला राजदूत झाले. दक्षिण ध्रुवाचे स्वतःचे स्वप्न सोडून त्यांनी फ्राम अमुंडसेन यांना दिले. पण मोठे काम उतारवयात आले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने युद्धकैद्यांना घरी पोचवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. पैसा नाही, जहाजे नाहीत, सरकारे एकमेकांशी बोलेनात. तरीही १९२२ पर्यंत चार लाखांहून अधिक कैदी मायदेशी गेले. क्रांतीनंतर रशिया सोडून आलेल्या लाखो लोकांना कोणत्याच देशाचे कागद नव्हते आणि कागदावाचून कोणी सीमा ओलांडू देईना. त्यांच्यासाठी १९२२ साली जे ओळखपत्र निघाले, ते नान्सेन पासपोर्ट म्हणून ओळखले जाऊ लागले. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शगाल यांच्याजवळही ते होते. त्याच वर्षी नान्सेन यांना शांततेचे नोबेल मिळाले. त्यांनी ती रक्कम मदतकार्यालाच दिली.

१३ मे १९३० रोजी ते ऑस्लोजवळच्या आपल्या घरी वारले. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

फ्राम जहाज आजही ऑस्लोच्या संग्रहालयात आहे. २०१९ च्या शरदात पोलारश्टेर्न हे जर्मन संशोधन जहाज, नान्सेन यांच्याच पद्धतीने, सैबेरियाच्या उत्तरेस मुद्दाम बर्फाला बांधून घेतले गेले. आताचे बर्फ पातळ झाल्याने ते भराभर वाहिले. फ्रामला तीन वर्षे लागली, तर पोलारश्टेर्नचा बर्फाचा तुकडा दहा महिन्यांत, जुलै २०२० अखेर, ग्रीनलंड आणि स्पिट्सबर्गेन यांच्यामधल्या सामुद्रधुनीत येऊन फुटला. त्या सामुद्रधुनीला फ्राम म्हणतात.