सहा कोनांचे कडे आणि कॅथलीन लॉन्सडेल

ॲस्पिरिन असो वा पॅरासिटामॉल, या गोळ्यांच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे एक कडे असते. कपाटातल्या डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनमध्ये अशी दोन कडी जोडलेली असतात. हे कडे नेमके कसे असते, हे प्रयोगाने दाखवले कॅथलीन लॉन्सडेल यांनी.

त्यांचा जन्म १९०३ मध्ये आयर्लंडमधील न्यूब्रिजचा. वडील पोस्टमास्तर, दहा भावंडांत त्या धाकट्या. कुटुंब इंग्लंडला आल्यावर विज्ञान शिकण्यासाठी त्यांना मुलांच्या शाळेत जावे लागले.

बेंझिनच्या कड्यात एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने असतात, असे केकुले यांनी सुचवले होते. दुहेरी बंध आखूड असतो. म्हणजे बाजू लहान-मोठ्या हव्यात. १९२९ मध्ये लीड्स येथे लॉन्सडेल यांनी हेक्झामिथिलबेंझिनच्या स्फटिकाचा क्ष-किरणांनी अभ्यास केला आणि किचकट आकडेमोड हाताने केली. कडे सपाट निघाले, सहाही बाजू सारख्या!

पुढे लंडनमध्ये त्यांनी असे स्फटिक चुंबकीय क्षेत्रात तपासले. कड्याला काटकोनात असलेल्या दिशेने प्रतिसाद बराच अधिक मिळाला. याचा अर्थ, काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले नसून साऱ्या कड्यावर वावरतात. भारतीय शास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांच्यासोबतही त्यांनी या विषयावर शोधनिबंध लिहिला. कडी जोडली जातील तसा इलेक्ट्रॉनांचा वावर वाढतो. ग्राफाइटमध्ये तो थरभर पसरतो, म्हणून पेन्सिलीचे शिसे वीज वाहते.

लॉन्सडेल क्वेकर पंथाच्या, युद्धविरोधी. लहान मुले असल्याने युद्धकाळातील नागरी संरक्षणाच्या कामातून त्यांना सूट मिळाली असती. पण नावनोंदणीच तत्त्वाला न पटल्याने त्यांनी ती नाकारली, दोन पौंड दंडही भरला नाही. १९४३ मध्ये महिनाभर हॉलोवे तुरुंगात राहिल्या. तिथली स्थिती पाहून पुढे तुरुंगसुधारणेसाठी झटल्या. सुटकेनंतर दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना सदस्यत्व दिले. त्यांतील एक लॉन्सडेल होत्या.

उतारवयात त्यांनी मुतखड्यांकडे लक्ष वळवले. खडा कशाचा, हे कळले तर तो पुन्हा होऊ नये म्हणून पथ्य आणि औषध ठरवता येते. त्यासाठी त्यांनी तेच क्ष-किरण वापरले. १९७१ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. खड्याचे घटक ओळखण्यासाठी क्ष-किरणांची ही पद्धत आजही वापरली जाते.