नाइटिंगेलबाईंचा तक्ता

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो. रुग्णालयांतून मेणबत्त्या उजळतात, शुभ्र वेषातील मुली शपथ घेतात आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीस हार पडतो. तसबिरीत त्यांच्या हाती दिवा असतोच. त्या दिव्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्याच्या प्रभेत या बाईंनी मागे ठेवलेला एक कागद दिसेनासा झाला आहे. परिचर्येच्या पदवीधराच्या अंगी कोणते कौशल्य किती असावे, ते कोणी व कसे पारखावे, याचा विचार आज देशात चालू असताना त्या दिव्यापेक्षा या कागदाचीच आठवण अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

बाईंचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत एका गर्भश्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. वडिलांनी त्यांना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान घरीच शिकविले. गणिताची ओढ मात्र त्यांची स्वतःची. रुग्णसेवा करण्याचा मनोदय त्यांनी बोलून दाखविला तेव्हा घरात आकांत झाला. त्या काळच्या इंग्लंडात रुग्णालयातील दाई म्हणजे दारू पिणारी, अडाणी, दुसरीकडे कुठे काम न मिळालेली बाई, अशीच समजूत होती आणि ती सर्वस्वी खोटीही नव्हती. कुलीन घरातील मुलींनी या वाटेला जाऊ नये हा आग्रह आपल्याकडील घरांनाही अपरिचित नाही. बाईंनी चांगले स्थळ नाकारले, वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे तीन महिने राहून प्रत्यक्ष काम शिकून घेतले. १८५३ साली लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका लहानशा रुग्णगृहाची व्यवस्था त्यांच्याकडे आली, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात ३८ परिचारिकांसह त्या क्रिमियन युद्धातील जखमींसाठी तुर्कस्तानातील स्कुटारीस निघाल्या.

स्कुटारीची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. बाई तेथे पोचल्यावरही मृत्यू थांबले नाहीत. १८५५ च्या फेब्रुवारीत दाखल झालेल्यांपैकी शेकडा ४० हून अधिक सैनिक दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग आला, त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, पाणी व हवा शुद्ध केली आणि त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत हे प्रमाण अगदी अल्पावर आले. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने बाईंनी सारे आकडे मांडले, तेव्हा स्पष्ट झाले की सैनिक जखमांनी थोडे आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी फार मेले. हे त्यांनी रंगीत वर्तुळाकृती आलेखांतून सरकारपुढे ठेवले. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळविणारी ही पहिलीच स्त्री. कळवळा असला तरी मोजमापावाचून तो आंधळा राहतो, हे त्या स्कुटारीत शिकल्या, असे त्यांचे पुढील सर्व आयुष्य पाहता म्हणावेसे वाटते.

कृतज्ञ जनतेने जमविलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. आरंभी १५ उमेदवार होत्या, शिक्षण एका वर्षाचे. युद्धानंतर बाईंची प्रकृती ढासळली होती. शाळेच्या अधीक्षिका त्या कधीच झाल्या नाहीत, कारभार मेट्रन वॉर्ड्रोपर पाहत. पण प्रत्येक उमेदवाराविषयी दरमहा भरावयाचा जो तक्ता ठरला, त्यावर बाईंच्या स्वभावाचा ठसा होता. त्याचे दोन भाग. पहिल्यात आचरण : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप, कक्षाची व्यवस्था. दुसऱ्यात हाताचे काम, चौदा सदरांत : जखमा बांधणे, जळवा लावणे, एनिमा देणे, हालचाल न करू शकणाऱ्या रोग्यास हलविणे, त्याच्या पाठीला व्रण न होऊ देणे, अंथरूण घालणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणे, पथ्याचे अन्न शिजविणे, खोलीतील हवा ताजी ठेवणे आणि रोग्याचे निरीक्षण करणे. प्रत्येकापुढे उत्कृष्टापासून शून्यापर्यंत श्रेणी. जळवा सोडल्या तर यातील फारसे काही आजही वगळता येणार नाही. पथ्याचा स्वयंपाक आणि रोग्याचे निरीक्षण एकाच यादीत बसविणारी दृष्टी आम्हांला विशेष मोलाची वाटते.

पुढे जे घडले ते मात्र गौरवग्रंथांत क्वचितच येते. सुमारे बारा वर्षांनी बाईंनी शाळेच्या दप्तरात स्वतः लक्ष घातले, तेव्हा तक्ते नियमाने भरलेले होते, पण त्यांत अर्थ उरला नव्हता. श्रेणी अंदाजपंचे दिल्या जात. ज्या वैद्याने व्याख्याने द्यावयाची, ते ती देतच नव्हते. उमेदवार मुली म्हणजे रुग्णालयाला मिळालेले स्वस्त मनुष्यबळ ठरल्या होत्या. बाईंनी त्या वैद्याला जावयास लावले, जॉन क्रॉफ्ट या शस्त्रवैद्याकडे व्याख्याने सोपविली, मुलींच्या वह्या मागवून वाचल्या, एकेकीला घरी बोलावून प्रश्न विचारले.

आपल्याकडे परिचर्येचे पदवी-शिक्षण १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. २०२१ साली परिषदेने बी. एस्सी. चा अभ्यासक्रम सत्र-पद्धतीचा आणि क्षमताधिष्ठित केला. कोणती कामे विद्यार्थिनीने स्वतः केली याची नोंदवही शिक्षकाच्या सहीने पुरी व्हावयाची. ही नोंदवही त्या जुन्या तक्त्याचीच नात म्हणावयाची. सही करणाऱ्याने ते काम डोळ्यांनी पाहिले होते काय, एवढाच प्रश्न आहे, आणि तो १८७२ साली होता तितकाच अवघड आज आहे. ज्या महाविद्यालयास पुरेसे रोगी असलेले रुग्णालयच जोडलेले नाही, तेथील वही कोणत्या आधारावर भरावयाची?

हिंदुस्थानचा आणि बाईंचा संबंध दूरचा नव्हता. या देशात त्या कधीच आल्या नाहीत. पण येथील गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ सैनिक दरसाल मरत, हे उघडकीस आणणाऱ्या १८५९ च्या आरोग्य आयोगामागे त्यांचेच परिश्रम होते. पुढे त्यांचे लक्ष फौजेवरून खेड्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि बेहरामजी मलबारी यांच्या चरित्रास त्यांची प्रस्तावना आहे.

तथापि एका बाबतीत बाई चुकल्या, असेच आम्ही म्हणू. १८८७ साली एथेल बेडफर्ड फेनविक यांनी परिचारिकांची संघटना काढून मागणी केली की, तीन वर्षांचे शिक्षण आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचीच सरकारी नोंदवहीत नावे असावीत. नाइटिंगेलबाईंनी या मागणीस कसून विरोध केला. कागदावरच्या परीक्षेत स्वभाव दिसत नाही, हातही दिसत नाही. एकदा नाव चढले की शिकणे थांबते, हे त्यांचे म्हणणे. त्यातील शंका खरी होती. पण नोंदवहीच्या अभावी कोणीही स्वतःस परिचारिका म्हणवावे आणि रोग्याने ते मुकाट्याने सोसावे, याला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. न्यूझीलंडने १९०१ साली असा कायदा केला. बाई १३ ऑगस्ट १९१० रोजी, दृष्टी गेलेल्या अवस्थेत, वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवर्तल्या. ब्रिटनमध्ये हा कायदा होण्यास १९१९ चा डिसेंबर उजाडला, आणि इंग्लंडची नोंदवही उघडली तेव्हा तीत पहिले नाव फेनविकबाईंचे होते.