संत बाखिता : साखळ्यांची आठवण



८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बाखिता हिचा सण. तिच्याविषयी लिहिण्याला एक कारण आहे. आमच्याकडे मन मोकळे करायला माणसे येतात, त्यांची दुखणी बहुधा जुनी असतात. कुणाला बापाचा मार आठवतो, कुणाला सासरचे पहिले वर्ष, कुणाला सख्ख्या भावाने वाटणीत केलेला दगा. तीस-चाळीस वर्षे उलटली तरी रात्री झोप लागत नाही. धर्मगुरू झाल्यावर सुरुवातीची काही वर्षे आम्ही अशांना सरळ सांगत असू, की झाले गेले विसरा आणि क्षमा करा. बाखिताचे चरित्र नीट वाचल्यावर तो सल्ला आम्हाला देववेना.

तिचा जन्म सुमारे १८६९ साली आफ्रिकेत, सुदानच्या दारफूर भागातील ओल्गोसा नावाच्या खेड्यात झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. ती सात-आठ वर्षांची असताना दोन अनोळखी माणसांनी तिला शेताजवळून पळवून नेले. त्यांनी नाव विचारले, तेव्हा भीतीने तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग त्यांनीच तिला बाखिता म्हणायला सुरुवात केली. अरबी भाषेत त्याचा अर्थ भाग्यवान. आईवडिलांनी ठेवलेले नाव ती त्या धक्क्याने कायमचे विसरली.

सेमिनरीत असताना संत ऑगस्टीन यांनी स्मरणशक्तीवर केलेले विवेचन आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. स्मृती हा जणू एक अफाट वाडा आहे, असे काहीसे ते मांडतात. त्या वाड्याच्या सगळ्या किल्ल्या मालकाच्या हाती नसतात, हे आम्हाला बाखिताने शिकवले. जपून ठेवावे असे एक नाव हरवले आणि पुसून टाकावे असे सगळे शिल्लक राहिले.

पुढची काही वर्षे ती बाजारात पुन्हा पुन्हा विकली गेली. शेकडो किलोमीटर अनवाणी चालवत नेले. एकदा दुसऱ्या एका मुलीबरोबर ती पळाली, पण एका मेंढपाळाने पकडून साखळीने बांधले आणि पुन्हा विकले. एका मालकाच्या मुलाने इतके मारले की महिनाभर तिला अंथरुणावरून उठता आले नाही. त्यानंतर ती एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी आली. तिथल्या मालकिणीने तिचे अंग गोंदवून घेण्याचा हुकूम दिला. गोंदणे हा सौम्य शब्द झाला. अंगावर पिठाने आकृत्या काढल्या, त्या रेघांवर पाते फिरवले आणि खुणा कायम राहाव्यात म्हणून जखमांत मीठ चोळले. अशा ११४ खुणा तिच्या अंगावर मरेपर्यंत होत्या.

१८८३ साली खार्टूम शहरात इटलीचे उपवाणिज्यदूत कॅलिस्तो लेन्यानी यांनी तिला विकत घेतले. या घरात तिला कुणी मारले नाही. १८८५ साली ती त्यांच्याबरोबर इटलीत आली आणि मिकिएली नावाच्या कुटुंबाकडे राहिली. त्यांची लहान मुलगी मिम्मिना हिला सांभाळणे हे तिचे काम. त्या कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थाने तिला चांदीचा एक क्रूस दिला. त्यावरचा माणूस कोण, हे तिला ठाऊक नव्हते. तरी तो क्रूस तिने लपवून जपला. तिच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी दुसरी वस्तू नव्हती.

१८८८ साली मालकीण आफ्रिकेला जाताना मिम्मिना आणि बाखिता यांना व्हेनिस येथे कनोसा धर्मभगिनींकडे ठेवून गेली. (मुंबईत माहीमची कनोसा भगिनींची शाळा आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्या याच संघाच्या.) तिथे तिला धर्मशिक्षण मिळाले. लहानपणी सूर्य, चंद्र, तारे पाहून यांचा धनी कोण असेल, असा प्रश्न तिला पडत असे. आता त्या धन्याची ओळख झाली, आणि तो धनी स्वतः फटके खाल्लेला, अंगावर जखमा असलेला निघाला. व्हेनिसकडच्या बोलीत धन्याला पारोन म्हणतात. बाखिता देवाला आयुष्यभर याच शब्दाने संबोधत राहिली. ज्या शब्दाने तिचे बालपण नासले, तोच शब्द तिने टाकून न देता देवासाठी ठेवला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेवर लिहिलेल्या विश्वपत्राच्या आरंभीच तिची ही गोष्ट सांगितली आहे.

मालकीण परत आली आणि तिला सुदानला नेऊ लागली, तेव्हा बाखिताने जायला नकार दिला. मिम्मिना रडत होती आणि त्या पोरीवर हिचा जीव होता, तरी नकार दिला. प्रकरण न्यायाधिकाऱ्यांपर्यंत गेले. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निकाल लागला, की इटलीच्या कायद्यात गुलामगिरीला जागाच नसल्यामुळे ती मोकळी आहे. तिच्या क्षमेविषयी उपदेश करणारे आम्ही सगळे ही पायरी घाईने ओलांडतो. आधी नकार आला, क्षमा नंतर. नवऱ्याचा रोजचा मार खाणाऱ्या बाईला संत बाखिताचे नाव सांगून घरी परत पाठवू नये.

९ जानेवारी १८९० रोजी तिचा स्नानसंस्कार झाला. जोसेफिना, मार्गारिता, फोर्तुनाता अशी नावे देण्यात आली. फोर्तुनाता म्हणजेच भाग्यवान. पुढे ती त्याच संघात दाखल झाली आणि ८ डिसेंबर १८९६ रोजी तिने व्रते घेतली.

१९०२ पासून सिस्टर बाखिता स्किओ या गावी होत्या. स्वयंपाक, शिवणकाम, भरतकाम, वेदीची व्यवस्था आणि दाराशी येणाऱ्यांचे स्वागत ही त्यांची कामे. १९१० साली वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांनी आपली कहाणी एका भगिनीला सांगितली आणि ती लिहून घेण्यात आली. १९३१ साली त्यांच्यावर पुस्तक निघाले, त्यानंतर ठिकठिकाणी सभांतून बोलावणी येऊ लागली. बुजऱ्या स्वभावाच्या त्या बाईला हे जड गेले असणार. तरी त्यांनी काही लपवले नाही. आपल्याला पळवणारे आणि छळणारे आज भेटले तर आपण गुडघे टेकून त्यांच्या हातांचे चुंबन घेऊ, कारण त्या वाटेनेच आपल्याला ख्रिस्त भेटला, असे त्या सांगत. हे बोलणे आम्हाला अजूनही पेलत नाही. ज्याच्या अंगावर त्या खुणा आहेत त्यानेच ते बोलावे. दुसऱ्याने त्याला ते बोलायला लावू नये.

अखेरची वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्या अंथरुणाला खिळल्या. ग्लानीत त्या सेवा करणाऱ्या भगिनीला पुन्हा पुन्हा विनवत होत्या, की साखळ्या जड झाल्या आहेत, जरा सैल करा. स्नानसंस्काराला सत्तावन्न वर्षे झाली होती, आणि साखळ्या अजून आठवत होत्या. आमचा जुना सल्ला इथे संपला. त्या विसरल्या नव्हत्या, आणि तरीही शांत मनाने जगल्या होत्या. रात्री तीच आठवण परत येते म्हणून आपली श्रद्धा कच्ची, असे आमच्याकडे येणारी माणसे स्वतःला दूषण देतात. आता आम्ही त्यांना या खाटेजवळची ही गोष्ट सांगतो.

८ फेब्रुवारीला पवित्र मारियेचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १७ मे १९९२ रोजी त्यांना धन्य घोषित केले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी संतपद दिले. ख्रिस्तसभा त्यांना पळवणाऱ्यांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारते. आईने ठेवलेले नाव त्यांना शेवटपर्यंत आठवले नाही.