आलेक्झांडर फोन हंबोल्ट आणि बर्लिनची व्याख्याने

स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा आमचा प्रघात आहे. ह्या वेळी ज्यांचे चरित्र आम्ही सादर करीत आहोत, ते ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या देशाचे. तरीही त्यांच्या आयुष्यातील एका हिवाळ्याची हकीकत आमच्या वाचक कुटुंबांनी, विशेषतः भगिनींनी, अवश्य वाचावी असे आम्हांस वाटते.

आलेक्झांडर फोन हंबोल्ट ह्यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे झाला. आईच्या मृत्यूनंतर हाती आलेली संपत्ती त्यांनी प्रवासात आणि प्रवासावरील ग्रंथांच्या छपाईत घातली. १७९९ ते १८०४ ही पाच वर्षे दक्षिण व मध्य अमेरिकेत हिंडून त्यांनी पर्वतांची उंची, हवेचे तापमान, चुंबकसूचीचा कल, सारे काही मोजले. पुढे हिमालय पाहण्याची त्यांना फार ओढ लागली होती. परंतु ईस्ट इंडिया कंपनीने त्यांस परवानगी दिली नाही. स्पॅनिश वसाहतींतील जुलमाविषयी त्यांनी परखडपणे लिहिले होते, त्याची कंपनीस धास्ती वाटली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. १८१८ साली पेशवाई बुडविणारी हीच ती कंपनी! हंबोल्टांच्या शिफारशीने श्लागिनट्वाइट बंधू १८५४ साली मुंबई बंदरात उतरले, तेव्हा हंबोल्टांचे वय पंचाऐंशी झाले होते.

असो. पॅरिसमधील दीर्घ वास्तव्य आटोपून, पैसा संपलेला अशा स्थितीत, १८२७ साली ते राजाज्ञेने बर्लिनला परतले. दरबारी नोकरीत त्यांचे मन रमेना. तेथील विद्यापीठ १८१० साली त्यांचे वडील बंधू विल्हेल्म ह्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाले होते. आलेक्झांडर तेथे प्राध्यापक नव्हते. पण विज्ञान अकादमीचे सभासद ह्या नात्याने त्यांस व्याख्याने देण्याचा अधिकार होता. तो त्यांनी वापरला आणि ३ नोव्हेंबर १८२७ पासून पुढील एप्रिलपर्यंत साठाहून अधिक व्याख्याने दिली. त्यांसाठी श्रोत्यांकडून एक छदामही घेतला नाही.

विषय होता अवघ्या विश्वाचा! तेजोमेघ व दूरचे तारे येथून आरंभ करून सूर्यमाला, पृथ्वीचे चुंबकत्व, ज्वालामुखी, सागर, वनस्पती आणि अखेर मनुष्य, असा तो ओघ होता. समोर केवळ टिपणे ठेवून ते बोलत.

विद्यापीठाचे दालन अपुरे पडू लागले. शिवाय तेथे स्त्रियांस मज्जाव होता. प्रशियातील विद्यापीठांत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९०८ साली, म्हणजे ऐंशी वर्षांनी. हंबोल्टांनी मग ६ डिसेंबरपासून झिंगअकादमी ह्या गायनसंस्थेच्या प्रशस्त सभागृहात दुसरी व्याख्यानमाला मांडली. तीही विनामूल्य, आणि तीत कोणासही अटकाव नव्हता. राजेसाहेब आले, तसेच गवंडीही आले; स्त्रिया तर फार मोठ्या संख्येने आल्या. त्यांत संगीतकार फॅनी मेंडेल्सोन होत्या. त्यांचे बंधू फेलिक्स विद्यापीठातील व्याख्यानांना जात असत. फॅनींसाठी मात्र हेच एक दार उघडे होते. बायकांस ग्रहताऱ्यांशी काय कर्तव्य, अशी थट्टा त्या काळी तेथेही झाली. आमच्या आज्यांनी माजघराच्या दाराआडून व्याख्याने ऐकली आहेत. त्यामुळे ही थट्टा आम्हांस परकी वाटत नाही.

ह्याच व्याख्यानांतून पुढे 'कॉसमॉस' हा ग्रंथ उभा राहिला. त्याचा पहिला खंड १८४५ साली निघाला, तेव्हा ग्रंथकार शहात्तरीच्या घरात होते. मानववंशांत उच्च आणि नीच असा भेद नाही, असे त्यांनी त्यात निःसंदिग्धपणे लिहिले आहे. ज्ञातिसंस्थेच्या अंकात हे छापताना आमची लेखणी क्षणभर अडखळली, हे आम्ही लपवीत नाही. तरीही ते गाळावे असे आम्हांस वाटले नाही. ग्रंथाचा पाचवा खंड त्यांच्या निधनानंतर, १८६२ साली प्रसिद्ध झाला. ६ मे १८५९ रोजी बर्लिन येथे त्यांचा अंत झाला.

व्याख्याने लघुलिपीत उतरवून छापण्याची प्रकाशक कोट्टा ह्यांची सूचना हंबोल्टांनी मानली नव्हती. त्यामुळे त्या सभागृहात ते नेमके काय बोलले, हे शोधावयाचे तर श्रोत्यांच्या वह्यांकडेच वळावे लागते. तशी एक वही १९९३ साली लेखकाच्या नावावाचून छापली गेली. ती हेन्रिएट कोलराउश ह्या बाईंची असल्याचे आता अभ्यासक मानतात.