विश्लेषण : आयर्लंडला स्वराज्य, मग इंग्लंडचे काय? ग्लॅडस्टन यांना न सुटलेला पेच

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला स्वतःची विधिमंडळे आहेत, इंग्लंडला नाही. इंग्लंडपुरते कायदेही वेस्टमिन्स्टरच्या संसदेत होतात आणि त्यावर इतर तिन्ही प्रदेशांचे खासदार मतदान करतात. उलट स्कॉटलंडच्या शाळा-रुग्णालयांबाबत इंग्लंडच्या खासदाराला काहीच ठरवता येत नाही. वेस्ट लोथियनचे खासदार टॅम डेलियल यांनी १९७७ मध्ये हा मुद्दा लावून धरला, म्हणून तो वेस्ट लोथियन प्रश्न या नावाने ओळखला जातो. मात्र त्याच्या सुमारे ९० वर्षे आधी पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन याच प्रश्नात अडकले होते.

कोण होते ग्लॅडस्टन?

जन्म २९ डिसेंबर १८०९, लिव्हरपूल. आईवडील दोघेही मूळचे स्कॉटलंडचे. डेमेरारामध्ये वडिलांचे उसाचे मळे होते आणि तिथे गुलाम राबत. गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई म्हणून वडिलांना एक लाखाहून अधिक पौंड मिळाले. तरुण विल्यम १८३२ मध्ये खासदार झाले ते हुजूर पक्षाचे. पुढे ते लिबरल पक्षाचे नेते बनले आणि चार वेळा पंतप्रधान झाले. चौथ्यांदा शपथ घेतली तेव्हा वय होते ८२!

जन्म इंग्लंडचा, रक्त स्कॉटिश, घर वेल्समधील हावर्डनला आणि १८८० पासून मतदारसंघ स्कॉटलंडमधील मिडलोथियन. म्हणजे डेलियल यांच्या वेस्ट लोथियनला अगदी लागून. आयुष्यातील शेवटची लढाई मात्र त्यांनी आयर्लंडसाठी दिली.

होमरूलची मागणी कुठून आली?

१८०१ पासून आयर्लंडची वेगळी संसद नव्हती, तिथले खासदार लंडनला येत. १८८५ च्या निवडणुकीत लिबरलांना ३३५, हुजूर पक्षाला २४९ आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांच्या आयरिश पक्षाला ८६ जागा मिळाल्या. दोन मोठ्या पक्षांतील फरकही नेमका ८६. सत्तेची किल्ली पार्नेल यांच्याकडे गेली. ग्लॅडस्टन होमरूलच्या बाजूने वळले. (टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली, तेव्हा हा शब्द आयर्लंडमधूनच इथे आला होता.)

१८८६ : आयरिश खासदार बाहेर

८ एप्रिल १८८६ रोजी ग्लॅडस्टन यांनी तीन तासांहून अधिक भाषण करत विधेयक मांडले. डब्लिनमध्ये आयर्लंडचे विधिमंडळ असेल. संरक्षण, परराष्ट्र धोरण आणि जकात लंडनकडे राहील. आणि ६७० जणांच्या सभागृहातील आयर्लंडचे १०३ खासदार वेस्टमिन्स्टरमध्ये बसणार नाहीत. इंग्लंडच्या दृष्टीने हिशेब चोख होता.

पण साम्राज्याच्या खर्चाचा पंधरावा हिस्सा आयर्लंडने द्यायचा आणि तो कुठे खर्च होतो यावर बोलायचे नाही, हे कसे चालेल? शिवाय खासदार गेले म्हणजे फुटीची सुरुवात झाली, असे जोसेफ चेंबरलेन यांच्यासह अनेक लिबरलांना वाटले. ९३ लिबरल खासदार विरोधात गेले. विधेयक ३४१ विरुद्ध ३११ मतांनी पडले, त्यापाठोपाठ सरकारही गेले.

१८९३ : आत की बाहेर?

१८९२ मध्ये ग्लॅडस्टन पुन्हा पंतप्रधान झाले, पण आयरिश खासदारांच्या आधारावर. खुद्द इंग्लंडमध्ये बहुमत विरोधकांचे होते. याच निवडणुकीत दादाभाई नवरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षातर्फे निवडून आले. तेही आयरिश होमरूलचे समर्थक होते.

या वेळी मधला मार्ग काढला गेला. आयर्लंडची लोकसंख्या दुष्काळ आणि स्थलांतराने घटली होती, त्यामुळे तिच्या प्रमाणात ८० खासदार ठेवायचे. त्यांनी साम्राज्याच्या विषयांवर मतदान करायचे, फक्त ब्रिटनच्या विषयांवर नाही. कागदावर सुटसुटीत वाटणाऱ्या या तोडग्यात मोठी गोम होती. परराष्ट्र धोरणावर सोमवारी बहुमत असलेले सरकार मंगळवारी शिक्षणाच्या विधेयकावर अल्पमतात आले, तर राज्य कोणाचे? शिवाय कोणता विषय कुठल्या खात्यात, हे ठरवणार कोण? आम्ही इंजिनीअर याला एक बग काढताना दुसरा घालणे म्हणतो.

अखेर ही अट काढून ८० खासदारांना सर्वच विषयांवर मत देण्यात आले. म्हणजे अन्याय इंग्लंडच्या पदरात पडला. २७ जुलैला चर्चेदरम्यान सभागृहात खासदारांची हाणामारी झाली. १ सप्टेंबरला विधेयक ३४ मतांनी मंजूर झाले, तेही आयरिश मतांच्या जोरावर. आठवडाभरात हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेकून दिले. इंग्लंडचा कौल नसताना एवढा बदल नको, हा विरोधकांचा युक्तिवाद होता आणि तो सहज झटकता येण्यासारखा नव्हता.

मार्च १८९४ मध्ये ग्लॅडस्टन यांनी राजीनामा दिला. १९ मे १८९८ रोजी हावर्डनला त्यांचे निधन झाले.

त्यानंतर काय झाले?

१९२० च्या कायद्याने उत्तर आयर्लंडला वेगळी संसद मिळाली. तेव्हा त्यांचे खासदार ठेवले, पण संख्या लोकसंख्येच्या मानाने कमी केली. १९९९ मध्ये स्कॉटलंडची संसद सुरू झाली. २००४ मध्ये इंग्लंडमधील विद्यापीठांचे शुल्क वाढवणारे विधेयक दुसऱ्या वाचनात अवघ्या पाच मतांनी तरले, तेही मजूर पक्षाच्या स्कॉटिश खासदारांमुळे. २०१५ मध्ये इंग्लंडपुरत्या विधेयकांवर इंग्लंडच्या खासदारांना नकाराधिकार देणारा नियम आला. ग्लॅडस्टन यांच्या आत-बाहेर योजनेचेच हे सौम्य रूप. तो २०२१ मध्ये रद्द झाला.

आज ६५० पैकी ५४३ खासदार इंग्लंडचे आहेत, योगायोगाने आपल्या लोकसभेइतकेच. एवढे बहुमत असताना वेगळी संसद कशाला, असे एक बाजू विचारते. दुसरी बाजू २००४ ची ती पाच मते दाखवते.