पंडिता रमाबाई आणि मध्य प्रांताचा दुष्काळ

आमचे मोहगाव ज्या जुन्या मध्य प्रांतात मोडत असे, त्या प्रांतात १८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला. गावेच्या गावे अन्नासाठी बाहेर पडली आणि आईबाप गमावलेली पोरे रस्तोरस्ती भटकू लागली. हे वर्तमान पुण्यास पंडिता रमाबाईंच्या कानी गेले, तेव्हा त्यांना स्वस्थ बसवले नाही. त्याचे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात सापडते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. त्यांनी पत्नीला आणि कन्येला संस्कृत शिकविले, आणि त्यापायी लोकांचा रोषही ओढवून घेतला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. मिळालेले द्रव्य देवकार्यात आणि ब्राह्मणांना दान देण्यात खर्च होई. पुढे दक्षिणेत दुष्काळ आला, तेव्हा गाठीस काही उरले नव्हते. रानातील पाने खाण्याची पाळी आली. १८७४ साली वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई आणि काही काळाने बहीण. रमाबाई भावासह पायी देशभर भटकल्या आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

त्यानंतरचा विवाह, १८८२ मध्ये आलेले वैधव्य, विलायतेचा प्रवास आणि १८८३ साली तेथे घेतलेली ख्रिस्ती दीक्षा हा सारा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. मुली ख्रिस्ताकडे ओढल्या जातात, या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारखे साहाय्यक दूर झाले. दोन्ही पक्षांची कळकळ खरी होती, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्ती शिकवणीत दान हे उपासनेचेच अंग आहे. शुभवर्तमानात एका दरिद्री विधवेची कथा येते. मंदिरातील दानपेटीत धनिक लोक मोठमोठ्या रकमा टाकीत होते. तिने जवळची दोन क्षुल्लक नाणी टाकली आणि ख्रिस्ताने तिचेच दान सर्वांत मोठे ठरविले, कारण तिने शिलकेतून दिले नव्हते. भुकेल्यास घास दिला तर तो प्रभूलाच पोहोचतो, असेही तेथे सांगितले आहे. रमाबाईंनी ही वचने अक्षरशः घेतली.

अमेरिकेतील मंडळाची मदत शारदा सदनातील उच्चवर्णीय विधवांसाठी होती. दुष्काळातील अनाथ मुलींसाठी कोणताही निधी बांधलेला नव्हता. तरीही रमाबाई मध्य प्रांतात आल्या, आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना त्यांनी आपल्या आश्रयास घेतले. जात विचारली नाही. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगाव येथील शेतावर नेले. तेथे आधी आसरे उभे राहिले, मग इमारती. तेच ‘मुक्ती सदन’ होय.

तीन-चार वर्षांत गुजरातेत दुष्काळ पडला. तेथूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. इतक्या मुखांना अन्न कोठून येणार, हा प्रश्न रोजचाच होता. रमाबाई प्रार्थना करीत आणि आलेले सर्व मुलींवर खर्च करीत. मात्र त्यांनी कोणास बसून खाऊ दिले नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही कामे मुलीच करीत. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन होते. त्यांना कन्या मनोरमाबाई बोटांनी वाचावयास शिकवीत.

रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या हातांत दुष्काळातून वाचलेल्या मुलींचे हातही होते. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच रमाबाईंचा अंत झाला, आणि संपूर्ण बायबल त्यांच्या मागे छापून बाहेर पडले.