सेवासदनाच्या रमाबाई

रमाबाई रानडे यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. वयाच्या अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. सासरी आल्या तेव्हा रमाबाईंना अक्षरओळखही नव्हती. रानडे यांनी त्यांना शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. सुनेने पुस्तक हाती धरावे, हे त्या काळी कुळाला कमीपणा आणणारे मानीत. टोमणे ऐकावे, अबोला सोसावा आणि कामे आटोपून रात्री अभ्यासाला बसावे, असा रमाबाईंचा क्रम कित्येक वर्षे चालला. त्यांनी कोणाला उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही.

पुढे त्या मुंबईस राहावयास गेल्या. तेथे त्यांनी स्त्रियांचे एक मंडळ चालविले. त्यात भाषा व सामान्य ज्ञान यांबरोबर शिवणकाम, हस्तकला आणि घरगुती शुश्रूषा हे विषय शिकवीत. प्रौढ स्त्रीने धुळाक्षरे गिरविली, तर लोक हसत. पण सुईदोरा हाती घेण्यास कोणाची हरकत नसे. हाताला काम मिळाले की भीड चेपते, आणि मग अक्षरांची वाटही सोपी होते.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. रमाबाईंवर दुःखाचा डोंगर कोसळला. सुमारे वर्षभर त्या पुण्याच्या घराबाहेर पडल्या नाहीत. पण दुःखात बुडून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटू लागल्या, रुग्णालयातील रोग्यांची विचारपूस करू लागल्या.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यातील त्यांचे प्रमुख सहकारी होते, व रमाबाई अध्यक्ष होत्या. दुपारी घरची कामे उरकली, की आसपासच्या स्त्रिया तेथे जमत. कोणी संसारी, तर कोणी विधवा. एकत्र बसून त्या शिवण, भरतकाम आणि लिहिणे-वाचणे शिकत. ज्या विधवेला पोटासाठी आप्तांच्या दारी राबावे लागे, तिला आता स्वतःच्या कष्टाची भाकरी मिळविण्याची वाट दिसू लागली.

सर्वांत कठीण काम परिचारिका तयार करण्याचे होते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्येच डॉक्टर झाल्या होत्या. तरी परक्या रोग्याची सेवा करणे पांढरपेशा घरांना हलके वाटे. रमाबाईंनी घरोघर समजूत घातली आणि स्त्रियांना ससून रुग्णालयात शिक्षणासाठी पाठविले. हळूहळू लोकांचा विरोध मावळला.

१९१० मध्ये रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवली अशा शहरांत शेजारणी एकत्र जमून शिवण किंवा भरतकाम शिकतात, त्यात कोणाला नवल वाटत नाही. पण एके काळी त्यासाठी उंबरठा ओलांडणे हेच मोठे धैर्याचे काम होते. तो उंबरठा रमाबाईंनी स्वतः ओलांडला आणि शेकडो भगिनींना हात देऊन आपल्याबरोबर नेले.